कुलूप लाव, म्हणजे उघडेल!

मंडळी, आज सुरुवातीलाच एक कोडं. गाडीच्या चार दारांपैकी तीन उघडलीत. चौथं काही केल्या उघडत नाहीये. आत तुमचे वडील बसलेत, बाहेर अकोल्याचा मे महिना आहे. दार उघडायला तुम्ही काय कराल?

उत्तर जरा पुढे सांगतो. तोवर डोकं चालवा. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये त्या दुपारी निदान दहा-अकरा जणांनी चालवलं होतं. एकाचंही बरोबर नव्हतं आणि सगळ्यात चुकीचं माझं होतं.

त्याचं असं झालं. ही गाडी मुळात बाबांची. २००९ साली घेतलेली छोटी पांढरी हॅचबॅक. तेव्हा अमरावतीच्या आमच्या गल्लीत तिची पूजा झाली, पेढे वाटले गेले आणि बाबांनी तिला अंबादेवीच्या दर्शनाला नेऊन आणलं. सेंट्रल लॉकिंग कंपनीचं नव्हतं, नंतर बाहेरून बसवून घेतलेलं. पुढची चौदा-पंधरा वर्षं त्या गाडीच्या स्टिअरिंगला बाबांशिवाय कुणाचा हात लागला असेल तर तो मिस्त्रीचा. बाबा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. घरातला मिक्सर, पंखा, इस्त्री, शेजाऱ्यांचा रेडिओ, सगळं तेच उघडायचे. मी बाजूला टॉर्च धरून उभा. माझं काम टॉर्च धरणं. त्यांचं वाक्य ठरलेलं, ‘‘हात नको लावू, फक्त पाह्य.’’

मागच्या वर्षी मात्र बाबांचा डावा हात अचानक जड झाला. कप सुटला, बटण लागेना. त्यांनी दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. ‘झोपताना हात खाली दबला असेल,’ असं स्वतःलाच समजावत राहिले. तिसऱ्या दिवशी आईच्या लक्षात आलं, तेव्हा दवाखाना गाठला. पक्षाघाताचा सौम्य झटका होता. डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्यात पहिले काही तास सोन्याच्या मोलाचे असतात. तुम्ही दोन दिवस घालवलेत. बाबा बरे झाले, चालायला-बोलायला लागले, पण डावा हात पूर्वीसारखा राहिला नाही. गाडी चालवणं बंद झालं. एका रविवारी मी अकोल्याला परत निघालो तेव्हा त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘‘घेऊन जा. उभी राहून खराब होऊन जाईन.’’ बस्स, एवढंच. चावीला अजून त्यांचंच जुनं चामड्याचं कीचेन होतं.

आता तुम्हीच सांगा, अशी गाडी नीट ठेवायची जबाबदारी किती मोठी!

आणि नेमकं दोन-तीन महिन्यांत मागच्या डाव्या दाराचं लॉक बिघडलं. रिमोट दाबला की तीन दारं ‘ठक’ करायची, हे गप्प. आत जी लॉक फिरवणारी छोटी मोटर असते ती गेली होती. मिस्त्रीकडे जायला शनिवार मिळेना. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, ‘‘अबे, एवढ्याशा कामाले मिस्त्री? यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडीओ आहे.’’ झालं! माझ्यातला इतकी वर्षं टॉर्च धरून उभा असलेला मुलगा जागा झाला. मोटर ऑनलाइन मागवली, स्क्रू ड्रायव्हरचा सेट घेतला आणि एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसलो. फुल्ल टू हीरो!

दाराचं आतलं कव्हर काढणं हे सही थ्रिलिंग काम आहे. हँडलच्या वाटीत एक स्क्रू लपलेला असतो, काच फिरवायच्या हँडलमागे एक वाकडी तारेची क्लिप असते (कापडाची पट्टी हँडलमागून मागेपुढे ओढली की ती उडून बाहेर येते, आणि उडून कुठे जाते हे देवालाच ठाऊक), मग कडेचे प्लॅस्टिकचे बटण एकेक करून टकटक सुटतात. आत एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो मी टर्रकन फाडला. हा कागद कशासाठी असतो ते मला पुढे कळणार होतं. जुनी मोटर काढली, नवी बसवली, दोन वायरी जोडल्या. जुन्या वायरींवर इतकी धूळ होती की रंग ओळखू येईना. म्हटलं, दोनच तर वायरी आहेत, चुकून चुकणार काय? रिमोट दाबला. ‘ठक!’ दांडी हलली. आहाहा! काय आनंद झाला म्हणून सांगू. कव्हर लावलं. एक स्क्रू उरला. तो डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला.

संध्याकाळी बाबांचा फोन. ‘‘लॉकचं काय झालं?’’

‘‘झालं बाबा. मिस्त्रीकडून करून घेतलं.’’

का खोटं बोललो? मलाही नीट सांगता येणार नाही. ‘हात नको लावू’ हे वाक्य कानात होतं म्हणा, किंवा त्यांचा हात चालत नसताना माझा चालतो हे सांगायला जीभ वळली नाही म्हणा.

पुढचे पंधरा दिवस मी एकटाच गाडी चालवत होतो. मागच्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि मग आई-बाबा माझं नवं घर पाहायला यायचं ठरलं. मी शनिवारी त्यांना आणायला अमरावतीला गेलो.

आईला गाडी लागते, म्हणून ती पुढे. बाबा मागे, डावीकडे. स्वतःच्या गाडीत मागे बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मी रिमोटनं गाडी उघडली, त्यांनी उजव्या हातानं मागचं दार ओढलं, तर लागलेलं. मी पुढून हात घालून आतलं बटण वर ओढलं, तेव्हा उघडलं. ‘‘जरा कडक आहे नवीन असल्यामुळे,’’ मी म्हणालो. बाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या शेजारच्या सीटवर आईनं सरगुंड्यांचे डबे, पापड, लोणच्याची बरणी आणि एक टोपलं असा सगळा संसार रचला.

रस्ता मस्त. बडनेरा सुटलं की गाडी नुसती पळते. याच अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस रेकॉर्ड झाला होता, ते मी बाबांना पुन्हा एकदा ऐकवलं. मूर्तिजापूर आलं तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘दारात काहीतरी पडलं.’’

‘‘काय पडलं?’’

‘‘लहानसं. प्लॅस्टिकचं. टुक्कन वाजलं.’’

‘‘गिट्टी उडाली असेल बाबा.’’

‘‘गिट्टी अशी वाजत नाही,’’ एवढं म्हणून ते बाहेर पाहायला लागले.

अकोल्यात पोचलो तेव्हा दुपारचा दीड. ज्यांना अकोल्याचा मे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मे २०२४ मध्ये उन्हामुळे इथे चक्क जमावबंदीचं कलम १४४ लागलं होतं. म्हणजे पाच माणसांनी उन्हात एकत्र उभं राहणं हासुद्धा प्रशासनाच्या काळजीचा विषय! मी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, माझ्या दाराचं बटण वर ओढलं. तीन दारं ‘ठक’. आई उतरली. मी उतरलो. बाबा आतच.

‘‘उघडत नाही,’’ बाबा आतून म्हणाले.

मी बाहेरून हँडल ओढलं. नाही. त्यांना म्हटलं, बटण वर घ्या. त्यांनी घेतलं. बटण वर आलं, पण अगदी सैल, दात पडलेल्या हिरडीसारखं. दार जागचं हललं नाही. म्हटलं, उजवीकडे सरका. तर उजवीकडे आईचा संसार, आणि डाव्या हातावर भार देऊन सरकणं बाबांना जमेना. मी उजव्या दारातून डबे काढायला लागलो, तर लोणच्याची बरणी घसरली आणि आई ओरडली. मी रिमोट पुन्हा पुन्हा दाबला, उघड, उघड, उघड! प्रत्येक वेळी आतून ‘टक’ असा बारीक आवाज आला आणि दार तसंच.

मग गर्दी जमली. आपल्याकडे गाडीचं बोनेट उघडलं की माणसं जमतात. इथे तर आत माणूसच होता! वॉचमन पाना घेऊन आला. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, चाइल्ड लॉक लागलं असेल. एक पोरगा म्हणाला, फुटपट्टी घाला काचेतून. एक भाऊ तर वीट घेऊनच आले, ‘‘काच फोडा ना राजेहो, काय पाहून राह्यले!’’ माझा घाम, माझी धडधड, आणि आत बाबांचं लाल झालेलं तोंड. शेवटी आईनंच शहाणपण केलं. ‘‘अरे, आधी एसी तं लाव! माणूस भाजून राह्यला ना आत!’’

इतकी साधी गोष्ट. मी इंजिन चालू केलं, एसी लावला, पाण्याची बाटली दिली. (मंडळी, ही गंमत नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत उष्णता काही मिनिटांत जीवघेणी वाढते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस आत असेल तर आधी इंजिन आणि एसी चालू, मग बाकीचे सगळे प्रयोग. आणि एसी चालूच होत नसेल, आतला माणूस मलूल दिसत असेल, तर वीट घेऊन आलेले भाऊच बरोबर. दुसऱ्या टोकाची, माणसापासून लांबची काच फोडा.)

बाबांनी दोन घोट पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, ‘‘मिस्त्रीनं काय काय केलं होतं, ते एकदा सांग.’’

मी गप्प.

‘‘वायरी कोणत्या रंगाच्या जोडल्या त्यानं?’’

आता लपवून काय उपयोग? अकरा माणसांसमोर, विटेच्या साक्षीनं मी कबूल केलं. ‘‘बाबा, मिस्त्री नाही. मीच केलं.’’

मला वाटलं आता फटाका फुटणार. बाबा म्हणाले, ‘‘हं. मग बरोबर आहे.’’ आणि डोळे मिटून म्हणाले, ‘‘दरवाजे पुन्हा उघड.’’ मी रिमोट दाबला. ‘‘आता लाव.’’ मी लावले. ‘‘पुन्हा उघड.’’ पुन्हा उघडले. ते कान देऊन ऐकत होते. शाळेत ट्यूनिंग फोर्क वाजवून पोरांना ऐकायला लावायचे ना, अगदी तसे.

‘‘तू उघडलं की माह्यं लागते. सगळ्याईच्या उलटं चाललं हे. आता कुलूप लाव.’’

‘‘बाबा, लावलं तर…’’

‘‘लाव तं खरं!’’

मी रिमोटनं सगळी गाडी लॉक केली. तीन दारं ‘ठक’ करून बंद झाली. बाबांनी उजव्या हातानं आतलं हँडल ओढलं आणि त्यांचं दार उघडलं!

हेच त्या कोड्याचं उत्तर. दार उघडायला गाडी लॉक करायची! पार्किंगमध्ये टाळ्या पडल्या. वीटवाले भाऊ जरा हिरमुसलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, पार्किंगमध्ये पुन्हा सतरंजी. या वेळी बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाबा. डोकं त्यांचं, हात माझे. आणि दारात काय निघालं ते तुम्हालाही सांगून ठेवतो, कारण घरी रिपेअर करायची खाज तुमच्यापैकी अनेकांना असणार.

बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगमध्ये ड्रायव्हरच्या दारातली मोटर ही मुख्य. तिला साधारण पाच वायरी असतात, कारण ती हुकूम देतेही आणि पाळतेही. बाकीच्या दारांतल्या मोटरी नुसत्या हुकमाच्या ताबेदार, त्यांना दोनच वायरी. करंट एका दिशेनं गेला की मोटरची दांडी खाली, उलट दिशेनं गेला की वर. दोन वायरींची अदलाबदल झाली की तेवढं एक दार सासरी रुसलेल्या जावयासारखं उलटं वागतं. म्हणजे पंधरा दिवस मी रोज रात्री गाडी ‘लॉक’ करून झोपत होतो, तेव्हा मागचं डावं दार सताड उघडं होतं! नशीब, अकोल्यातल्या चोरांनाही ते सुचलं नाही.

दुसरी चूक त्याहून लहान आणि त्याहून महाग. आतल्या बटणाची दांडी लॉकच्या तुकड्याला एका बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या क्लिपनं अडकलेली असते. दांडी आत घातल्यावर ती क्लिप फिरवून ‘टिक’ बसवावी लागते. मी ती नुसती टेकवली होती. मूर्तिजापूरजवळ तीच टुक्कन पडली. दाराच्या तळाशी सापडली, तुटलेली. नवी क्लिप स्पेअर पार्टच्या दुकानात चहाच्या पैशात मिळाली.

आणि तो फाडलेला कागद? काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते खालच्या छिद्रांतून निघून जावं अशी सोय असते. तो कागद ते पाणी आत सीटकडे येऊ देत नाही. मी तो फाडला होता, म्हणजे जुलैत पायाखाली डबकं ठरलेलंच. नवीन जाड प्लॅस्टिक कापून चिकटवलं. खालची छिद्रं काडीनं साफ केली, त्यातून २००९ पासूनचा चिखल निघाला. आणि उरलेला स्क्रू? बाबांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि थेट मोटरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. एक बाजू नुसतीच लोंबकळत होती.

सगळ्यात भारी फंडा मात्र पुढेच. कव्हर लावून झाल्यावर मी दार लावायला गेलो, तर बाबा ओरडले, ‘‘थांब! लावू नको!’’ म्हणाले, दुरुस्ती केलेलं दार कधी लगेच लावायचं नाही. दाराच्या कडेला जो लॉकचा आकडा असतो, तो दार उघडं असतानाच स्क्रू ड्रायव्हरनं दाबून फिरवायचा. दोनदा ‘कट’ वाजतं, म्हणजे त्या आकड्याच्या मते दार लागलं. आता बाहेरचं हँडल ओढून पाहा, आकडा सुटतो का? पुन्हा दाबा, आतलं हँडल ओढा. मग बटण, मग रिमोट. सगळं दोन-दोनदा. चूक असेल तर दार उघडं असताना सापडते. बंद झाल्यावर सापडली तर स्क्रू आतल्या बाजूला आणि तुम्ही बाहेर!

एवढं लक्षात ठेवलंत तर निम्म्या भानगडी घरीच ओळखता येतील. बाहेरून उघडतं पण आतून नाही, तर आधी चाइल्ड लॉक पाहा, दाराच्या कडेची ती छोटी खिट्टी; ती नसेल तर आतल्या हँडलची दांडी किंवा केबल. आतून उघडतं पण बाहेरून नाही, तर बाहेरच्या हँडलची दांडी निसटली. दोन्हीकडून नाही, तर लॉकच लागलेलं आहे, बटणाची दांडी आणि मोटर तपासा. एकच दार बाकीच्यांच्या उलटं वागतंय, तर वायरी उलट्या. आणि दार आपटलं तरी लागत नाही, परत येतं, तर आकडा उघड्या दारातच फिरून बसलाय. हँडल ओढून त्याला मोकळं करा, आपटत बसू नका. वायरी सोडवायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, मोबाइलवर फोटो काढा, वायरीवर टेपचा तुकडा लावून खूण करा. दारात एअरबॅग असलेल्या नव्या गाड्या मात्र सरळ मिस्त्रीकडे.

आणि मिस्त्रीकडे गेलात तर ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं’ असं सांगू नका. सगळे हेच सांगतात आणि त्याचा अर्धा दिवस त्यातच जातो.

काम झालं. बाबांनी दार स्वतः लावलं, स्वतः उघडलं. पुन्हा लावलं. मग म्हणाले, ‘‘चांगलं केलं तू. फक्त सांगितलं असतं मले पह्यले.’’

मी म्हणालो, ‘‘तुम्ही तरी हाताचं कुठी सांगितलं होतं?’’

तोंडातून निघून गेलं. बाबा बराच वेळ स्क्रू ड्रायव्हरचा सेट एकेक करून डबीत ठेवत राहिले. डाव्या हातानं ठेवत होते, दोन पडले. मी उचलायला वाकलो नाही. त्यांनीच उचलले.

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘तेही तसंच झालं.’’

चार दिवसांनी ते अमरावतीला परत गेले. जाताना मागच्याच सीटवर, डावीकडे. मूर्तिजापूरला मी विचारलं, ‘‘बाबा, काही पडल्याचा आवाज?’’ म्हणाले, ‘‘नाही. मागचं चाक वाजून राह्यलं थोडं, पण ते पुढल्या महिन्यात पाहू.’’

परवा रात्री त्यांचा फोन आला. मी म्हटलं, गाडीचं विचारतील. तर म्हणाले, ‘‘आज सकाळपासून डाव्या हाताचा आंगठा सुन्न वाटून राह्यला होता. डॉक्टरकडे लगेच गेलो. काही नाही म्हणाले, मानेचं आहे, व्यायाम दिला. तुले आजच सांगून ठेवतो.’’

मग थोडं थांबून, ‘‘आणि ते मागचं चाक पाह्यलं काय?’’

नाही पाहिलं. पण या वेळी खरं सांगितलं.